मामांच्या कॉम्प्युटरसाठी विंडोज ७ ची डिस्क: अखेर कीबोर्ड चालला

शुक्रवार रात्र

मामांकडे निगेटिव्ह स्कॅन करायचा जुना स्कॅनर आहे. त्याचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज ७ च्या पुढे आलाच नाही, आणि घरच्या निगेटिव्हजचे अजून निम्मे डबे बाकी आहेत. त्यामुळे हा कॉम्प्युटर ७ वरच ठेवायचा आणि नेटला कधीही जोडायचा नाही, असं आमचं ठरलंय. ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. अशा मशीनला नेटची केबल लावूच नये, या मताचा मी आहे.

आता हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून तिच्या जागी एसएसडी (चिपवरची डिस्क) घालतोय आणि तिच्यावर ७ नव्याने टाकायचंय. इन्स्टॉलसाठी मामांना पेनड्राइव्ह नको, डीव्हीडीची डिस्कच हवी. "पेनड्राइव्ह कोणीतरी उचलून नेतं रे. डिस्क कपाटात राहते." पटलं मला.

नेट नाही म्हटल्यावर सगळे अपडेट डिस्कमध्येच मुरवून द्यायला हवेत. मूळ एसपी१ ची (पहिल्या सर्व्हिस पॅकची) आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल घेतली, ती खरी आहे ना हे बघायला हॅश (फाइलचा ठसा) जुळवून पाहिला, आणि तिच्यातली इन्स्टॉल.विम (जिच्यातून विंडोज इन्स्टॉल होतं ती इमेज) डिझम या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने माउंट केली, म्हणजे बदलांसाठी उघडली.

शनिवार

सगळा खेळ क्रमाचा आहे. मी उत्साहात थेट २०१६ चा मोठा रोलअप, म्हणजे अपडेटचा गठ्ठा (केबी ३१२५५७४; केबी हा मायक्रोसॉफ्टचा क्रमांक) घालायला गेलो, तर डिझम म्हणाला, हे पॅकेज या इमेजला लागू नाही. त्याच्या आधी सर्व्हिसिंग स्टॅकचा (अपडेट बसवणाऱ्या भागाचा) अपडेट लागतो, केबी ३०२०३६९. तो घातला आणि रोलअप निमूट आत गेला. पुढचा अडथळा सह्यांचा. २०१९ पासून अपडेटवर फक्त शा-२ ची (नव्या पद्धतीची डिजिटल) सही असते आणि मूळ ७ ला ती ओळखता येत नाही. म्हणून आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९ आणि त्यानंतरच जानेवारी २०२० चा शेवटचा मोफत मासिक रोलअप, केबी ४५३४३१०. डॉटनेट ४.८ (अनेक प्रोग्रामना लागणारा मायक्रोसॉफ्टचा संच) असं मुरवता येत नाही. त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला आणि इन्स्टॉल संपताना तो आपोआप चालावा म्हणून सेटअपकम्प्लीटची छोटी स्क्रिप्ट लिहिली.

आयएसओ झाली ४.६ जीबीची. डिस्कवर ४.७ लिहिलेलं असलं तरी विंडोजच्या मोजणीत ती ४.३७ च भरते. जरा विचार केल्यावर लक्षात आलं: विम कमिट केली (बदल सेव्ह केले) तरी आतल्या जुन्या, बदललेल्या फाइली तिथेच पडून राहतात. फक्त प्रोफेशनलची आवृत्ती नव्या विममध्ये एक्स्पोर्ट केली, तेव्हा तो गाळ मागे राहिला आणि आयएसओ ३.९ वर आली. एक्स्पोर्टची पायरी कुणी गाळू नका.

रात्री व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली कॉम्प्युटरमध्ये) इन्स्टॉल केलं. पहिल्या फटक्यात, एकही अडचण नाही. डिस्क सर्वांत कमी वेगावर बर्न केली, पडताळणीही करून घेतली.

रविवार, मामांकडे

"कोणतीही कळ दाबा" असं आलं, मी दाबली, डिस्क सुरू झाली. भाषा निवडायचा पडदा आला आणि कीबोर्ड मेला. माउसचा लाल दिवाही विझला. मामा शांतपणे म्हणाले, "वायर सैल असेल." वायर घट्टच होती.

मामांचा बोर्ड इंटेलच्या १०० मालिकेच्या चिपसेटचा आहे. या मालिकेपासून यूएसबी २.० चा जुना कंट्रोलरच काढून टाकलाय, सगळे पोर्ट ३.० च्या कंट्रोलरवर. विंडोज ७ कडे त्याचा ड्रायव्हर नाही. सुरुवातीची कळ चालली कारण तेव्हा कीबोर्ड बायोसच्या (बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) ताब्यात होता. ड्रायव्हर मी घातला होता, पण इन्स्टॉल.विममध्ये आणि बूट.विमच्या (डिस्क सुरू करणाऱ्या इमेजच्या) पहिल्या इंडेक्समध्ये, म्हणजे भागात. सेटअप चालतो तो दुसऱ्या इंडेक्समधून! व्हर्च्युअल मशीनचा कीबोर्ड पीएस/२ चा (यूएसबीच्या आधीच्या जुन्या जोडणीचा) असतो, म्हणून काल काहीच कळलं नव्हतं. खऱ्या मशीनवर भाषेच्या पडद्यापर्यंत जाऊन कळा दाबून पाहिल्याशिवाय डिस्क झाली असं मी आता म्हणणार नाही.

पुढचा शनिवार

दुसऱ्या इंडेक्समध्ये ड्रायव्हर घातला, नवी डिस्क. भाषेच्या पडद्यावर टॅब दाबला आणि निळी चौकट एका बटणावरून दुसऱ्यावर सरकली. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. पुढचं सगळं इन्स्टॉल मामांनी स्वतः केलं. मी फक्त पार्टिशनच्या वेळी शेजारी उभा होतो.

स्कॅनर लागला. मग मामांनी आजीचा फोटो वॉलपेपर म्हणून लावला, 'स्ट्रेच' करून, आणि रीस्टार्टनंतर पडदा काळा! हा त्या शेवटच्या मासिक रोलअपचाच दोष, मी विसरलो होतो. त्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये केबी ४५३९६०२ आला. आज पेनड्राइव्हवरून घातला, आजी परत आली.

हा अपडेटही इमेजमध्ये घालून तिसरी डिस्क बर्न केली. वर मार्करने तारीख आणि हे सहाही केबी क्रमांक घातलेल्या क्रमाने लिहिले. दुसरीवर काट मारून ती मामांच्या हातात दिली. ती त्यांनी निगेटिव्हच्या डब्यांखाली ठेवली, टेबलावर ओरखडे नकोत म्हणून.