मान्ना, टोपल्या आणि आजी

परवा दुपारी फ्रिज आवरताना अगदी मागच्या कोपऱ्यात स्टीलचा छोटा डबा सापडला, आत वाटीभर वांग्याची भाजी, कधीची देव जाणे. टाकायला निघाले आणि हात अडखळला. आता आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरात शिळ्याचा प्रश्न तसा सोपा नसतोच, कारण शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्यावर दोन गोष्टी आहेत आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही.

निर्गमाच्या 16व्या अध्यायात इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना, म्हणजे देवानं आभाळातून पाठवलेलं अन्न, मिळतो, माणशी एक ओमर (तेव्हाचं माप), आणि त्यांचा पुढारी मोशे बजावतो की सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. काहींनी ठेवलंच (असं एक माणूस प्रत्येक घरात असतं), तर किडे पडले. आणि योहानाच्या 6व्या अध्यायात जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवर पाच हजार पुरुष जेवून उठतात, वर येशू शिष्यांना सांगतो उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जायला नको, आणि 12 टोपल्या भरतात. मग आता टाकू की ठेवू? (वास घेतला. टाकली.)

आजीला ही अडचण कधी आली नाही. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, सुट्टीला आम्ही सगळी भावंडं तिथे, रात्रीच्या भाकरी उरल्या की आजी टोपल्यांच्या पार्टीत, सकाळी कांदा-मिरची घालून कुस्करा, आणि कोणी नाक मुरडलं की, "प्रभूनं तुकडे गोळा करायला लावले, तू कोण लागून गेलीस?" पण बाबांनी साखर-तांदूळ जरा जास्त भरले की तीच आजी मान्नाच्या पार्टीत, "उद्याचं तो बघेल, किडे पडतील बघ." शनिवारी मात्र स्वतःच दुप्पट रांधायची कारण रविवारी उपासना, आणि त्यालाही आधार होताच ना, सातवा दिवस विसाव्याचा, म्हणून सहाव्या दिवशी मान्ना दुप्पट मिळे आणि तो नासत नव्हता! शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) पाठ केलेली वचनं बरीचशी विसरले, तिची ही वकिली नाही विसरले.

बाजरी काढताना बांधालगतच्या दोन-चार ओळी ती तशाच उभ्या सोडायला लावायची. लेवीयात सांगितलंय म्हणे, शेताच्या कडेपर्यंत कापू नका, गरीब आणि परका यांच्यासाठी राहू दे. शास्त्रातली गरीब परकी विधवा रूथ अशीच श्रीमंत बवाजाच्या शेतात मागे राहिलेली कणसं वेचते. आजोबा कुरकुरायचे, "एवढुशा रानात काय सोडायचं?"
"रूथ आली सरवा वेचायला तर?"
"आपण कुठले बवाज, आपणच रूथ!"
तरी ओळी राहायच्याच.

1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) लाल भाकर खायची, हे मला फार उशिरा आत्याकडून कळलं. आजी स्वतः त्यावर अवाक्षर काढायची नाही. अब्राहाम, दावीद, शलमोन एवढी मोठमोठी माणसं शास्त्रात असताना हिला कायम भाकरीच्याच गोष्टी का आठवतात, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.