वेताळाची जिल्द

बायंडिंगच्या दुकानात माणसं सहसा प्रबंध, दप्तरं किंवा पोथ्या घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यात सत्तरीचे एक काका प्लास्टिकच्या पिशवीत गठ्ठा घेऊन आले आणि माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्ही अजून तसेच कसे?" पस्तीसएक वर्षांपूर्वी ते माझ्या वडिलांकडून काही बांधून घेऊन गेले होते. तीच बैठक, तोच अडकित्त्यासारखा कुरकुरणारा दाबयंत्राचा दांडा, चश्मासुद्धा तसाच. मी मुलगा आहे म्हटल्यावर मनापासून हसले आणि गठ्ठा सोडला. इंद्रजाल कॉमिक्स, मराठी. वरच्याच अंकावर घट्ट कपड्यांतला वेताळ.

त्या हसण्याचं कारण मला दोन दिवसांनी समजलं.

काम वेळखाऊ होतं. पिना गंजून कागदात उतरलेल्या, कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. मशीनवर कड मारली असती तर चित्रातली माणसं कापली गेली असती, म्हणून कापलं काहीच नाही. पिना काढल्या, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद आणि खळ लावली, हाताने शिवण घातली. खळ वाळेपर्यंत दुसरं काम घ्यायचं असतं. मी वाचत बसलो.

१५३६ साली समुद्रचाचे एका जहाजावर हल्ला करतात. वाचलेला एकटा तरुण किनाऱ्याला लागतो आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरीविरुद्ध शपथ घेतो. तो गेला की मुलगा तेच कपडे चढवतो, मग त्याचा मुलगा. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं, चारशे वर्षं हा एकच माणूस, मरतच नाही. अंगात दैवी शक्ती कसलीच नाही, सगळी मदार त्या अफवेवर. काका का हसले ते इथे कळलं.

मूळ फँटम अमेरिकेतला, ली फॉक यांचा, १९३६ साली वर्तमानपत्रात चित्रकथेची पट्टी म्हणून सुरू झालेला. इंद्रजाल आलं मार्च १९६४ मध्ये. आपल्याकडे येताना त्याच्यावर बरेच संस्कार झाले. त्याचा देश बंगालशी गल्लत होईल अशा नावाचा होता, त्याचं डेंकाली केलं. मूळचे 'सिंग' चाचे इथे 'सिंगा' झाले. आणि फँटमचा झाला वेताळ. हे नाव ज्याला सुचलं त्याला मी तरी दाद देईन, कारण नुसतं 'भूत' म्हटलं असतं तर बात गेली असती.

गठ्ठ्यात एक अंक वेगळ्याच लिपीतला, आकाराने न जुळणारा, आणि त्यातला नायक चक्क निळा. आमचा तर जांभळा! चुकून आला असणार म्हणून बाजूला ठेवला आणि बाकीच्यांची जिल्द पुरी केली. ही माझी चूक. अशा वेळी गिऱ्हाइकाला फोन करायचा असतो.

काकांनी जिल्द उलटसुलट पाहिली, पोस्तिनावरून, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या कागदावरून, बोट फिरवलं आणि एकदम गावच्या बोलीवर आले. "निळो खंय गेलो?"

तो स्वीडनचा अंक होता. त्यांची मुलगी तिकडे असते, तिने आणलेला. तिथे तो निळाच छापतात, इटलीत लाल. फॉक यांच्या मनात तर करडा होता. पट्टी रंगीत पुरवणीत गेली तेव्हा जांभळा छापला गेला आणि तोच रंग कायम झाला. छपाईवाल्यांचा प्रताप! आमच्या धंद्याला हे नवीन नाही.

"पण तुम्हाला हा इतका जवळचा कसा?" मी विचारलं.

काका वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे. तिथला ग्रामदेव वेतोबा, म्हणजे वेताळच. त्याला नवसाच्या चामडी चपला वाहतात, माणसाच्या पायाच्या नव्हेत, हातभर लांब. "रात्री गावची राखण करूक फिरता तो. चपला झिजतत." शाळकरी वयात वेताळाचं पुस्तक हातात आलं तेव्हा त्यांना वाटलं, आपल्या देवावरच काढलंय. आईला दाखवलं. तिने ते घट्ट कपडे पाहून तोंड वाकडं केलं, पण पुस्तक पायाखाली येऊ नये म्हणून फळीवर ठेवलं.

शिवण उसवायला ते नको म्हणाले. मग मागच्या पुठ्ठ्याला आतून कापडाचा खिसा केला आणि निळा त्यात सरकवला. खिशाचे पैसे लावले नाहीत.

पाठीवर सोनेरी अक्षरांत काय टाकायचं? मी आपला 'इंद्रजाल कॉमिक्स, मराठी' असं कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी ते खोडलं.

"नुसता वेताळ टाक. गाववाल्यांक कळतला."