रात्री दाराशी खुडबुड झाली तर: आमच्या घराचा आराखडा

आमचं घर तालुक्याच्या गावातलं, बैठं. पुढे अंगण, मागे मोरीचं दार. राहणारे पाच जण: आम्ही दोघं, १० वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. श्रवणयंत्र काढून झोपल्यावर सासूबाईंना काहीच ऐकू येत नाही. आराखड्यात एक गोष्ट आधी पक्की केली आणि बाकीचं तिच्यावरून ठरत गेलं. चोराला अडवायचं ते दाराबाहेर. तो आत शिरलाच तर त्याची बाहेर जायची वाट मोकळी सोडायची आणि आपण सगळ्यांनी एका खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं. वाट अडली की हातातली कटावणी माणसावर उगारली जाते.

सुरुवात दारापासून केली. ‘कडी-कोयंडा उचकटून’ असं बातमीत येतं ते खरंच तसं घडतं. कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडा चौकटीतून निघून येतो. आमचा कोयंडा पाऊण इंची स्क्रूंवर होता. तिथे ३ इंची स्क्रू घातले आणि कडीची पट्टी दाराला आरपार बोल्टने आवळली. बोल्टचं गोल डोकं बाहेर, वायसर आणि नट आतून. स्क्रूसाठी आधी बारीक ड्रिलने भोक पाडायला लावा. घाईत हातोडीने ठोकलेला स्क्रू लाकूड धरत नाही, शिवाय चौकटीला तडा जातो. मोरीचं दार आत उघडतं, म्हणून भिंतीत दोन लोखंडी आकडे बसवून रात्री त्यांत सव्वा इंची चौकोनी पाइपचा आडणा टाकतो.

चोरटे बऱ्याचदा आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावून मगच हव्या त्या घराकडे वळतात. म्हणजे हाका ऐकूनही शेजारी बाहेर येऊ शकत नाहीत. यावर उपाय फुकटचा आहे. रात्री बाहेरच्या रिकाम्या कोयंड्यात कुलूप अडकवून ठेवायचं, की कडी त्यावर बसतच नाही. आळीतल्या चार घरांनी हे सुरू केलं आणि एकमेकांचे नंबर अशा तऱ्हेने लावून घेतले की फोन सायलेंट असला तरी त्या नंबरांची रिंग वाजते.

खिडकीतून काठी घालून पँट, पर्स, किल्ल्या ओढण्याचा प्रकार जुनाच आहे. या वस्तू आता खिडकीपासून ६ फूट लांब असतात. एका खिडकीच्या ग्रिलला बिजागऱ्यांची झडप करून आतून कुलूप लावलं, कारण आग लागली तर ग्रिल आपल्यालाच कोंडतं. त्याची किल्ली आतल्या भिंतीवर, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्याला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लपायची खोली. आम्ही आधी आमची खोली ठरवली होती आणि तिथेच चुकलो. गुडघे धरून उठणाऱ्या माणसाला अंधारात दुसऱ्या खोलीत नेण्यात सगळा वेळ जातो. घरात जो सर्वांत सावकाश चालतो, त्याची खोली हीच सगळ्यांची खोली. सासूबाईंच्या दाराला आतून ८ इंची दोन टॉवर बोल्ट बसवले. त्यातला खालचा मुलाच्या उंचीवर. पावसाळ्यात दार फुगतं आणि बोल्ट अडतो, तेव्हा जुलैमध्ये एकदा लावून बघाच. आत चार्ज केलेला साधा फोन, टॉर्च, शिट्टी, पाणी आणि रक्तदाबाच्या गोळ्या. दार बंद करून रेंज येते का तेही तपासलं. पुढच्या दाराची जादा किल्लीही इथेच ठेवतो, पोलिसांना खिडकीतून टाकता यावी म्हणून.

११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावल्यावर फोन उचलणारा आपल्या गावातला नसतो, त्यामुळे ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढ्याने भागत नाही. जिल्हा, तालुका, गाव, आळी, खूण, घरात किती माणसं, कुठल्या खोलीत, हे याच क्रमाने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलं. मुलीने ते मोठ्याने वाचायचा सराव केला. सरावासाठी ११२ लावू नका.

‘चोर!’ असं ओरडलं की मुलगा बाबांकडे धावतो, हे पहिल्या सरावात दिसलं. म्हणून एक शब्द ठरवला, ‘जायफळ’. जो आधी जागा होईल त्याने तो दोनदा म्हणायचा. मुलगी आजीजवळ झोपते, तिने आजीचा हात दोनदा दाबायचा. मुलाला मी उचलायचं, माझ्या नवऱ्याने सगळ्यांत शेवटी येऊन बोल्ट लावायचे. सराव दिवे बंद करून, अनवाणी आणि अंथरुणातूनच. दिवसा केलेल्या सरावात पाटाला ठेच लागत नाही, रात्री लागते. बेत सर्वांत जास्त वेळा मोडतो तो ‘थांब, मी आधी बघून येतो’ या वाक्याने. मांजर असो वा माणूस, एकट्याने बघायला जायचं नाही, एवढं मात्र घरात कडक आहे.

बाहेरगावाहून आल्यावर दार उचकटलेलं दिसलं तर आत पाऊल टाकायचं नाही, चोर आतच असू शकतो. अंगणाबाहेर येऊन ११२. नंतरही कपाटाला हात लावला की बोटांचे ठसे पुसले जातात. दागिन्यांचे फोटो, वजन, पावत्या आणि मोबाइलचे आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनची स्वतःची ओळख, *#०६# दाबल्यावर दिसतात) यांची यादी नणंदेच्या फोनवर ठेवली आहे, कारण आपला फोनही चोरीला जाऊ शकतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्या. घरफोडीच्या विम्यात जबरीने घुसल्याच्या खुणा लागतात, तेव्हा सुताराला पंचनामा झाल्यावरच बोलवायचं.