टॉन्सिल दिसले म्हणून डॉक्टर खूश झाले

सारख्या आजारी पडणाऱ्या लेकराच्या आईबापाला लोक दोनच गोष्टी सांगतात. एक, अहो मुलं आजारी पडतातच, त्यातूनच इम्युनिटी तयार होते. दुसरी, याची इम्युनिटीच कमी आहे, अमुक सिरप सुरू करा. दोन्ही ऐकून ऐकून आम्ही थकलो होतो आणि यातलं आपल्या मुलाला नेमकं काय लागू होतं हे कोणी सांगेना, म्हणून आम्ही काय शिकलो ते सविस्तर लिहितोय, कोणाला तरी रात्री दोन वाजता मुलाला खांद्यावर घेऊन फोनवर वाचायला उपयोगी पडेल.

मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. पाळणाघर सुरू झालं तसं हे चक्र सुरू झालं, आधी सर्दी, मग खोकला, मग ताप, मग कान दुखायला लागणार, कान बरा होतोय न होतोय तोवर पुन्हा नाक गळायला लागणार. कपाटात औषधांच्या अर्धवट बाटल्या, नेब्युलायझर तर आत ठेवायचंच बंद केलं होतं, टेबलावरच असायचं. आज ऑफिसला सुट्टी कोण घेणार यावरून सकाळी सकाळी वाद, खरं तर भांडण एकमेकांशी नव्हतंच, झोप नसली की समोर जो असतो त्याच्यावर राग निघतो.

आता सगळ्यात आधी जे आम्हाला कळायला हवं होतं ते. पाळणाघरात न जाणाऱ्या लहान मुलालासुद्धा वर्षाला साधारण 6 ते 8 वेळा सर्दी होते, आणि पाळणाघरात जाणाऱ्याला 10 ते 12 वेळा होऊ शकते. एक सर्दी सहज 10 ते 14 दिवस चालते, खोकला त्याहून जास्त रेंगाळतो. हिशेब करून बघा, वर्षातले चार-पाच महिने नाक वाहतंय आणि तरी मूल पूर्णपणे निरोगी असू शकतं. हा हिशेब कोणी सांगितला असता ना तर निम्मी काळजी तिथेच संपली असती. नऊ महिने पोटात असताना, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, आईच्या अँटिबॉडीज बाळाकडे जातात, ती आईने दिलेली शिदोरी पहिल्या सहा महिन्यांत संपत जाते आणि बाळाचा स्वतःचा स्वयंपाक तोवर नीट सुरू झालेला नसतो. तेवढ्यात आपण त्याला दहा-पंधरा मुलांच्या खोलीत सोडतो. दोनशेच्या वर व्हायरस सर्दी करू शकतात, प्रत्येकाशी पहिली ओळख व्हायचीच असते.

मग आमचं वेगळं काय होतं? किती वेळा आजारी पडतो हे नव्हतं. एका वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, एकदा ॲडमिट करून सलाईनमधून अँटिबायोटिक द्यावं लागलं, आणि वजनाचा ग्राफ जो छान वर चालला होता तो आडवा झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो ग्राफ आमच्यासमोर ठेवला, त्यावर पेन फिरवलं आणि म्हणाले, सर्दीचं मला काही वाटत नाही, ही रेघ मला आवडत नाहीये. आणि इम्युनॉलॉजिस्टकडे, म्हणजे इम्युनिटीच्या आजारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

जगभर डॉक्टर ज्या धोक्याच्या खुणा बघतात त्यात या गोष्टी येतात. वर्षात 4 किंवा जास्त वेळा कानाचं इन्फेक्शन, दोन किंवा जास्त वेळा न्यूमोनिया, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नाही, वजन-उंची न वाढणं, त्वचेत खोलवर किंवा आतल्या अवयवात वारंवार गळू होणं, वर्षाच्या पुढच्या मुलाच्या तोंडात पांढरी बुरशी टिकून राहणं, सलाईनमधून अँटिबायोटिक दिल्याशिवाय इन्फेक्शन न हटणं, आणि घरात कोणाला असा आजार असणं. यातलं काही असलं म्हणजे आजार आहेच असं नाही, पण तपासायला हवं. आणि न्यूमोनिया दरवेळी फुप्फुसाच्या त्याच एका भागात होत असेल तर वेगळाच विचार करतात, श्वासनलिकेत काहीतरी अडकलंय का, रचनेतच काही दोष आहे का. आमचे दोन्ही एक्स-रे त्यांनी शेजारी शेजारी लावून आधी हेच बघितलं. म्हणून सांगतो, जुने एक्स-रे फेकू नका.

इम्युनॉलॉजिस्टकडची पहिली भेट माझ्या कायम लक्षात राहील. मला वाटलं जाताक्षणी रक्त काढतील. त्यांनी आधी नुसते प्रश्न विचारले आणि ते प्रश्न आम्हाला इतके विचित्र वाटले. नाळ किती दिवसांनी पडली? (महिन्याहून जास्त वेळ लागला तर पांढऱ्या पेशींच्या एका दुर्मीळ आजाराची शंका येते.) लशीच्या जागी काही चिघळलं होतं का? मग बायकोकडे वळून, तुमच्या माहेरी कोणी मुलगा लहानपणी इन्फेक्शनने गेलाय का, तुमचा भाऊ, मामा, मावसभाऊ? ती गप्पच झाली. यातले बरेच आजार एक्स क्रोमोसोमवरून येतात, आईला स्वतःला काही होत नाही पण मुलग्याला होऊ शकतं, म्हणून विचारतात, हे त्यांनी लगेच समजावलं आणि हेही सांगितलं की यात कोणाचाही दोष नसतो. पण बाहेर येऊन तिने आईला फोन लावला तेव्हा तिचा आवाज कापत होता. एक मामा होता, तान्हा असतानाच गेला, कशाने ते कोणालाच माहीत नाही, त्या काळी कोण विचारत होतं. ते एक नाव घरात कधी कोणी घेतलंच नव्हतं.

मग त्यांनी टॉर्च घेऊन मुलाचं तोंड उघडलं, तो किंचाळतोय, मी डोकं धरलंय, आणि त्या एकदम म्हणाल्या, "अरे वा, टॉन्सिल आहेत की चांगले!" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो, कारण वर्षभर आम्ही याच टॉन्सिलच्या नावाने खडे फोडत होतो. झालं असं की एक आजार आहे ज्यात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशीच तयार होत नाहीत, आणि टॉन्सिल मुख्यतः त्याच पेशींनी भरलेले असतात, त्यामुळे त्या मुलांच्या घशात टॉन्सिल जवळजवळ दिसतच नाहीत. 1952 साली ऑग्डन ब्रूटन नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने एका 8 वर्षांच्या, पुन्हा पुन्हा गंभीर इन्फेक्शन होणाऱ्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच, म्हणजे अँटिबॉडी असलेला भागच नाही हे दाखवलं आणि ते बाहेरून इंजेक्शनने द्यायला सुरुवात केली. इम्युनिटीचा जन्मजात आजार ओळखून त्यावर नेमका उपाय करण्याची ही अगदी सुरुवातीची गोष्ट. मामाची गोष्ट नुकतीच ऐकल्यावर त्या दोन सुजलेल्या टॉन्सिलबद्दल मला जे वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही.

रक्त द्यायचा दिवस मात्र वाईट गेला. एवढ्याशा हाताची शीर सापडत नाही, आणि आमच्याकडे बऱ्याच नळ्या भरायच्या होत्या. तिथल्या नर्सने एक तास आधी बधिर करणारं क्रीम लावून वर पारदर्शक चिकटपट्टी मारली, हात कोमट ठेवायला सांगितला, पाणी पाजत राहायला सांगितलं. हे आधीच विचारून ठेवा, प्रत्येक ठिकाणी आपणहून करतात असं नाही. मुलाला टेबलावर झोपवू नका म्हणाल्या, बाबांच्या मांडीवर बसवा, छातीला छाती लावून, एक हात मागे मोकळा. तसं धरलं तर तो खूप कमी घाबरतो, रडतो पण कुशीत रडतो. "होत नाहीये काही" असं मी म्हटलं नाही, "दुखतंय, मी आहे, संपेल" असंच म्हणत राहिलो. पेशींची जी टेस्ट असते, ज्यात टी पेशी, बी पेशी वगैरे पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजतात, त्यासाठी पेशी ताज्या हव्यात म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला सकाळीच यायला सांगितलं होतं. आणि मूल तापाने फणफणलेलं असताना किंवा स्टेरॉइडचा कोर्स चालू असताना आकडे हलतात, म्हणून तब्येत जरा बरी असताना टेस्ट केली, नाहीतर तेच सगळं परत.

काय काय बघितलं ते थोडक्यात. साधा सीबीसी, पण त्यात प्रत्येक प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती. मग आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई, म्हणजे अँटिबॉडीचे वेगवेगळे प्रकार. मग आधी दिलेल्या लशींच्या अँटिबॉडी शरीराने बनवल्यात का. मग त्या वेगवेगळ्या पेशींची मोजणी. सगळ्यांना सगळं करत नाहीत, पायरीपायरीने जातात. बऱ्याच मुलांचं पहिल्या पायरीवरच निभावतं.

आता कृपया हा भाग नीट वाचा. रिपोर्ट मोबाईलवर येतो, त्यात लाल अक्षरं असतात, आणि शेजारी जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बरेचदा मोठ्या माणसांची असते. मोठ्या माणसाचं आयजीजी साधारण 700 च्या वर हवं, पण वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं 500 असलं तरी ते त्याच्या वयाला ठीक असतं. आयजीए तर हळूहळू वाढत पार किशोरवयापर्यंत मोठ्यांच्या पातळीला पोचतं, म्हणून आयजीए कमी असण्याचं निदान 4 वर्षांच्या आत करतच नाहीत. आणि याच्या बरोब्बर उलटं जे होतं ते जास्त घातक आहे. लिम्फोसाइट (टी आणि बी पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशी) लहान बाळात मोठ्यांपेक्षा खूप जास्त असतात. काही महिन्यांच्या बाळाचा आकडा 2000 आला तर मोठ्यांच्या रेंजमध्ये तो मस्त बसतो, काहीच लाल होत नाही, आणि खरं तर त्या वयाला तो काळजी करण्याइतका कमी असतो. म्हणजे लाल अक्षर बघून हादरून जाऊ नका आणि लाल नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका, डॉक्टरांना सरळ विचारा की याच्या वयाच्या रेंजप्रमाणे काय आहे. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये अर्धं पान लाल होतं. त्यातली खरी गोष्ट एकच निघाली.

आयजीजी वयाच्या मानानेही जरा कमी होतं. बाकी बी पेशी, टी पेशी व्यवस्थित, लशींना प्रतिसाद उत्तम. डॉक्टर म्हणाल्या, कारखाना आहे, चालू आहे, फक्त उशिरा वेग घेतोय असं दिसतंय. काही मुलांत असं होतं आणि बहुतेकांचं 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान आपोआप सुधारतं. पण हे निदान पक्कं कधी होतं, तर आकडा वर आल्यावर. आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणजे थांबायचं, ठराविक महिन्यांनी परत बघायचं. हे थांबणं, खरं सांगतो, टेस्टपेक्षा अवघड आहे. काहीतरी नाव मिळालं असतं तर बरं झालं असतं असं वाटायचं आणि मग असं वाटल्याचंच वाईट वाटायचं.

थांबायच्या काळात आम्ही एक वही केली. तारीख, ताप किती, कुठलं इन्फेक्शन, अँटिबायोटिक दिलं का, किती दिवसांत उतरलं, मधल्या काळात खेळला का जेवला का. ही वही सोन्यासारखी ठरली. ताप दर तीन-चार आठवड्यांनी ठरल्यासारखा येतो का हे त्यातूनच कळतं, कारण तसं असेल तर ते इन्फेक्शनच नसून वेगळे आजार असू शकतात. आमच्या वहीत तसं नव्हतं, पण रात्रीचा आणि धावल्यावरचा खोकला सारखा दिसला, त्यावरून दम्याच्या दिशेने बघितलं आणि इनहेलर सुरू केल्यावर निम्मा खोकला गेला. म्हणजे ज्याला आम्ही इन्फेक्शन म्हणत होतो त्यातलं बरंचसं इन्फेक्शनच नव्हतं.

बाकी घरात सगळ्यांनी फ्लूची लस घेतली, आजीआजोबांसकट. मुलाला जिवंत लशी (ज्यात कमजोर केलेले जिवंत जंतू असतात) द्यायच्या की नाहीत हे डॉक्टरांनी पेशींचे रिपोर्ट बघून ठरवलं, ते आपल्या मनाने थांबवायचं नाही आणि आपल्या मनाने द्यायचंही नाही. सर्दीला अँटिबायोटिक मागायचं बंद केलं, व्हायरसवर ते चालतच नाही. घरात सिगारेट अजिबात नाही, पाहुणा असला तरी नाही, धुरामुळे मुलांचे कान जास्त बिघडतात. आणि इम्युनिटी वाढवणारी सिरपं सगळी बंद. ज्या गोष्टीने आयजीजी वाढतं असं कोणीही दाखवलेलं नाही ती दिवसातून दोनदा मुलाच्या घशात का ओतायची? त्यापेक्षा डॉक्टरांनी लोह आणि डी व्हिटॅमिन तपासलं, लोह कमी होतं, ते दिलं.

तिथे वेटिंगमध्ये एक आई भेटली, तिच्या मुलाला दर चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे बाहेरून अँटिबॉडी लावतात. मुलगा शाळेत जातो, उड्या मारत होता, हाताला पट्टी आणि दुसऱ्या हातात गाडी. ती म्हणाली, आजाराचं नाव कळेपर्यंत तो चार वेळा आयसीयूत होता, नाव कळल्यावर एकदाही नाही. ज्या बाळांत इम्युनिटी जवळजवळ नसतेच त्यांचा बोन मॅरो ट्रान्सप्लांट पहिल्या काही महिन्यांत, इन्फेक्शन व्हायच्या आधी झाला तर वाचण्याचं प्रमाण कितीतरी चांगलं असतं. म्हणून ज्यांच्या मुलाला वरच्या खुणांपैकी काही आहे त्यांना हात जोडून सांगतो, "मोठा झाला की होईल बरा" म्हणणाऱ्यांचं ऐकून महिने घालवू नका, डॉक्टर हसले तरी चालेल, विचारा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर सकाळची वाटसुद्धा बघू नका.

आमची दुसरी टेस्ट झाली. आकडा वाढलाय, वयाच्या खालच्या रेघेला आता टेकलाय. वजनाचा ग्राफही पुन्हा चढायला लागलाय. सर्दी अर्थातच चालू आहे, पण गेल्या हिवाळ्यात ॲडमिट करावं लागलं नाही. तिसऱ्या टेस्टनंतर इथेच लिहीन. तोवर कोणाला रक्त काढताना मुलाला कसं धरायचं किंवा वहीत काय लिहायचं यातलं काही विचारायचं असेल तर विचारा, रिपोर्ट मात्र मला दाखवू नका, ते तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा.