दसरा चौक ते बिंदू चौक, छत्री घेऊन

पुण्या-मुंबईच्या प्राइडला (आमच्यासारख्या गे, लेस्बियन, तृतीयपंथी लोकांची मिरवणूक) आम्ही दोघं जाऊन आलोय, तिथं सोपं असतं. एवढी गर्दी, ढोल, डीजे, गालावर झेंडा रंगवला की तुम्ही कोण कुठले कुणाला काय पडलेलं नसतं. कोल्हापुरात तसं नाय होत राव. दसरा चौकात नुसतं उभं राहिलं तरी चुलत्याच्या दोस्ताची गाडी तिथनं जाणारच आणि संध्याकाळपर्यंत गावाकडं बातमी पोचणारच. त्यामुळं इथंच छोटा प्राइड वॉक आहे, नंतर हॉलमध्ये कार्यक्रम, स्टॉल वगैरे, असा मेसेज आला तेव्हा आमच्या घरात आधी शांतता आणि मग भांडण. पैलवान (आमचा पार्टनर, लहानपणी शिवाजी पेठेत तालमीत जायचा, आता पोट बघून कुणाला पटत नाय) म्हणाला, 'पुण्याला चल, पायजे तेवढा नाचतो, हितं नको.' शेवटी मास्क लावून जायचं ठरलं, आणि पाऊस असला तर छत्री आहेच लपायला.

जून संपत आलेला, भुरभुर पाऊस, शाहू जयंतीचे हार अजून पुतळ्याला होते. माणसं म्हणाल तर पोलीस धरून चाळीस-पन्नास. मला जरा वाईटच वाटलं, पण संयोजकांपैकी एक पोरगी म्हणाली, कमी कसले, देशातला पहिला वॉक कोलकात्यात २ जुलै १९९९ ला निघाला तेव्हा १५ जण होते. हे ऐकून पैलवानाचा मास्क नाकाखाली आला.

आणि खरं सांगू का, कोल्हापूरला मोर्चाचं काय कौतुकच नाय. ऊसदर, टोल, पाणी, काय ना काय घेऊन बारा महिने कुणीतरी दसरा चौकातून निघालेलं असतंच. लक्ष्मीपुरीत रविवारचा बाजार भरलेला, तिथं मिरच्या विकणाऱ्या मावशींनी विचारलं, 'कशाचा मोर्चा वो?' पुढच्या पोरीनं थांबून नीट समजावलं, पोरगं-पोरगं, पोरगी-पोरगी, तृतीयपंथी, सगळं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'बरं, मग रस्ता कवा मोकळा हुणार?' पैलवान इतका हसला की मास्क काढून खिशातच घातला. दोन-चार पोरं बाईकवरून व्हिडिओ काढत काय काय ओरडली, ते इथं लिहीत नाय, हवालदारानं त्यांना हाकललं. बिंदू चौकात फुले-आंबेडकरांच्या पुतळ्यांसमोर संविधानाची उद्देशिका वाचली, संपला वॉक. डीजे नाय, ट्रक नाय, पण पुण्यात मला कुणी ओळखत नव्हतं आणि इथं चहाच्या गाड्यावरच्यानं 'काय सायेब, आज हिकडं?' म्हणून विचारलं. त्या एका प्रश्नाला उत्तर द्यायला मला पुण्याच्या अख्ख्या मिरवणुकीपेक्षा जास्त दम लागला. 'आमचा मोर्चा हाय' म्हटलं. त्यानं चहा दिला.

हॉलमध्ये क्रोशाच्या कीचेनी, शेंगदाण्याची चटणी, मानसिक आरोग्याचा एक स्टॉल, ठीकठाक. पण जोगत्यांचा (रेणुका-यल्लम्माला वाहिलेले, बाईच्या वेशात राहणारे) कार्यक्रम म्हणजे नाद खुळा. चौंडकं आणि तुणतुणं सुरू झालं आणि एक जोगतीण डोक्यावर जग (देवीची टोपली) घेऊन असं काय नाचली की मागं खुर्च्यांवर मोबाइल बघत बसलेली कॉलेजची पोरं पण पुढं येऊन खाली बसली. ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला हेच जोगते दिसले की आमची आई पदर डोक्यावर घेऊन पाया पडते, भंडारा लावून घेते. त्यातलंच कुणी भाड्यानं खोली मागायला आलं तर तीच आई म्हणेल शेजारीपाजारी काय म्हणतील. मी हे पैलवानाला बोललो तर तो म्हणाला, 'आणि तुझ्याबद्दल कळलं तर?' मी विषय बदलला.

कोपऱ्यात एक वकील बाई बसलेल्या, तिथं सगळ्यात जास्त वेळ गेला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपली सुटका ६ सप्टेंबर २०१८ ला झाली हे पाठ आहे, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचं दार कोर्टानं उघडलं नाय, ते संसदेनं बघावं म्हणाले, हेही. त्या बाई म्हणाल्या, बघा, याच गावात शाहू महाराजांनी १९१९ ला आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली. पैलवान जातीबाहेरचाच आहे, तो म्हणाला, 'म्हणजे आमचं निम्मं लग्न तवाच झालं की!' बाई पण हसल्या. मग कामाचं बोलल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं स्पष्ट सांगितलंय की आपल्यासारख्या जोडप्यांना जॉइंट खातं काढायला आणि पार्टनरला नॉमिनी करायला काही अडचण नाय. आणि आम्ही येडे! एका बँकेत गेलो होतो तेव्हा काउंटरवरचा 'नातं काय लिहू?' म्हणाला आणि आम्ही फॉर्म तसाच घेऊन घरी आलेलो. बाईंनी त्या पत्राची झेरॉक्स दिली, पैलवानानं ती घडी घालून पाकिटात ठेवली, जिथं तो एरवी फक्त लॉटरीचं तिकीट ठेवतो.

खासबागेत भेळ खाताना यावरच वाद. सोमवारी हाफ डे कुणी टाकायचा, माझ्या कंपनीत ऑडिट आहे, त्याला सुट्टी मिळत नाय. आणि खात्यावर पहिलं नाव कुणाचं? तो म्हणतोय त्याचं, पगार जास्त म्हणून. मी म्हटलं घरातली सगळी बिलं कोण भरतंय आधी ते सांग.