वरणाच्या पाण्यावर अंग धरत नाही

सहा महिने झाले की बाळाची पहिली वाटी ठरलेली: वरणावरचं निवळ, नाहीतर पातळ पेज. पचायला हलकं म्हणून. हलकं खरंच, कारण डाळ पातेल्याच्या तळाशीच राहते.

बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं. सात किलोच्या बाळाला म्हणजे दोनशेच्या आसपास. तेवढं निवळ पाजलं की पोट तट्ट होतं, बाळ तोंड फिरवतं आणि घरच्यांना वाटतं, पोटभर जेवलं. सहा ते आठ महिन्यांत आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी वरच्या खाण्यातून मिळायला हव्यात, वर्षानंतर ५५०.

आपलं जुनं खिमट यासाठी उत्तम. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ धुऊन खडखडीत वाळवा, मंद आचेवर भाजा, रवाळ दळा. दोन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा. थेट उकळत्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि आत कच्चं राहतं. मग वाटीभर पाण्यात शिजवा. चमचा तिरका केला तरी ओघळू नये, इतपत घट्ट. वर एक छोटा चमचा तूप, म्हणजे ४५ कॅलरी. मीठ-साखर वर्षापर्यंत नको, मध तर मुळीच नको.

निवलं की खिमट आळतं आणि लोक पाणी ओततात. त्याऐवजी मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ ठेवा. वाफ जरा बसली की अर्धा चमचा घालून ढवळा. मोडांतलं विकर (एन्झाइम) खिमटातलं पिष्ट (स्टार्च) तोडतं, पाण्याविना सैल होतं. मग एक उकळी द्या. नाचणी खरपूस भाजलीत तर विकर मरतं, हा उपाय फसतो.

वजन दर महिन्याला, शक्यतो एकाच काट्यावर, काटा शून्यावर आणून, कपडे काढून. एका आकड्यावरून काही ठरवू नका, वाढीच्या आलेखावरची रेघ बघा. रेघ आडवी झाली तर हिरव्या पट्ट्यातल्या, म्हणजे वजन ठीक असलेल्या बाळाचीही चौकशी करा. सहा महिन्यांपुढे दंडाचा घेर ११.५ सेंमीहून कमी भरला तर तीव्र कुपोषण समजावं.

दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला, तर काटा काहीही सांगो. ते वजन सुजेच्या पाण्याचं. त्याच दिवशी दवाखाना.