खोका नंबर १४९

त्यांनी मागितलेली फाईल टॉवेलची होती.

जानेवारीचे, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. मुंबईहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने दोघं जण सकाळी सोलापुरात उतरले आणि शाखा उघडायच्या वेळेला दारात हजर. मी तेव्हा बँकेत निर्यातीची कागदपत्रं तपासायचं काम करायचे. व्यवस्थापकांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि दोघांची ओळखपत्रं, अधिकारपत्र माझ्यासमोर ठेवलं. केंद्र सरकारच्या तपास यंत्रणेतली माणसं. मोठे साहेब पन्नाशीचे, बारीक चणीचे, गर्दीत दोनदा दिसले तरी लक्षात राहणार नाहीत असे. सोबत एक तरुण सहकारी, लॅपटॉप आणि कागदांची पिशवी सांभाळणारी.

कारखान्याचं नाव, साल, पुढची बंदरं मी लिहिणार नाही. खटला अजून उभा राहायचा आहे आणि त्यात आमच्या गावातल्या साध्या माणसांच्या सह्या आहेत. बाकी जे घडलं ते सगळं लिहिते.

फाईल दोन वर्षांपूर्वीची. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याने दुबईच्या खरेदीदाराला पाठवलेला एक वीस फुटी कंटेनर, न्हावा-शेवा ते जेबेल अली. माल पोचला, पैसे वेळेवर आले, बिल बंद झालं. सोलापुरातून आखातात असे टॉवेल नेहमीच जातात. मी साहेबांना विचारलं, "यात काय सापडणार तुम्हाला?"

त्यांनी पिशवीतून चार पॅकिंग लिस्ट काढून टेबलावर एकाशेजारी एक मांडल्या. चारही आमच्याच कारखान्याच्या नावाच्या. तोच पत्ता, तोच शिक्का. कंटेनरचे नंबर मात्र वेगवेगळे, आणि चारही कंटेनर दुबईहून पुढे आफ्रिकेकडे गेलेले. कारखान्याने त्या खरेदीदाराला उभ्या आयुष्यात एकच कंटेनर पाठवला होता. माझ्या रजिस्टरलाही एकच नोंद.

"यातला एक उघडला गेला," साहेब म्हणाले. "दारापाशी टॉवेल होते. मागे लाकडी पेट्या."

पेट्यांत रायफलची काडतुसं होती. ७.६२ मिलिमीटरचं, कलाश्निकोव्हमध्ये चालणारं एक काडतूस १६ ग्रॅमच्या आसपास भरतं. दहा लाख काडतुसं म्हणजे १६ टन, वर पेट्यांचं वजन. एवढा माल एका वीस फुटी कंटेनरमध्ये सहज बसतो, हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की माझ्या अंगावर काटा आला. उरलेले तीन कंटेनर कोणीही न उघडता निघून गेले होते.

या सगळ्यामागे एक माणूस होता. त्याचं नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घर एका देशात, पैसा दुसऱ्या देशात, जहाजं तिसऱ्याच देशाच्या झेंड्याखाली. साहेब कित्येक वर्षं त्याच्या मागावर होते, त्यासाठी आखातात, युरोपात, आफ्रिकेत राहून आले होते. कधी कापडाचे दलाल म्हणून, कधी जहाज भाड्याने घेणारे म्हणून. एका हॉटेलच्या लॉबीत तो माणूस त्यांच्या शेजारून चालत गेला होता आणि त्यांना काहीच करता आलं नव्हतं, कारण त्याच्या सहीचा एकही कागद जगात कुठे नव्हता.

त्यांनी मला एक गोष्ट नीट समजावून सांगितली, आणि ती कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. कायदेशीर शस्त्र विकायला शेवटी ते कोण वापरणार याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते घेणाऱ्या देशाच्या सरकारचं असावं लागतं. ज्याला बंडखोरांना किंवा बंदी असलेल्या देशाला माल द्यायचा असतो, त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे दुसऱ्याच एखाद्या देशाच्या नावाचं प्रमाणपत्र मिळवायचं. पुरुलियात तेच झालं. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका अँटोनोव्ह विमानातून बंगालमधल्या खेड्यांवर रायफली आणि काडतुसं पडली. माल बल्गेरियातल्या बुर्गासहून निघालेला आणि कागदावर बांगलादेशासाठी होता. पुढच्या काही दिवसांतच ते विमान परतीच्या वाटेवर मुंबईत उतरवलं गेलं, ब्रिटिश दलाल पीटर ब्लीच आणि विमानातले कर्मचारी पकडले गेले, पण कटातला मुख्य आरोपी, डेन्मार्कचा किम डेव्ही, विमानतळावरून निसटला. डेन्मार्कच्या न्यायालयांनी त्याला भारताकडे द्यायला २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नकार दिला. साहेब म्हणाले, नोकरीला लागल्यावर त्यांच्या हातात वाचायला दिलेलं पहिलं प्रकरण हेच होतं.

दुसरी वाट म्हणजे शस्त्र हा शब्दच कागदावर येऊ द्यायचा नाही. त्यासाठी खोटा कागद उपयोगाचा नाही, खरा लागतो. खऱ्या कारखान्याचा, ज्याच्यावर कस्टमवाल्याची नजर अडणार नाही असा. सोलापूरचा टॉवेल त्यासाठी निवडला गेला होता.

हे ऐकताना मला भीतीपेक्षा राग जास्त आला. पूर्व भागातल्या माणसांनी तीन-चार पिढ्या माग चालवून या गावाचं नाव कमावलं आहे. बाजारात 'सोलापूरचा माल' एवढं म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही. तोच विश्वास कोणीतरी परक्या बंदरात काडतुसांवर पांघरला होता.

फाईल उघडली. त्या व्यवहारात एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. माल घेतला एका कंपनीने आणि पैसे पाठवले दुसऱ्याच कंपनीने. असं करता येतं, नियमात बसवता येतं, पण मी कारण लेखी मागितलं होतं. कारखान्याच्या मालकांना तेव्हा माझा तगादा आवडला नव्हता. "मॅडम, पैसे आलेत की, आता कशाला कागद?" शेवटी दुबईहून पत्र आलं, दोन्ही कंपन्या एकाच समूहातल्या आहेत असं सांगणारं, खाली एका संचालकाची सही. साहेबांनी ते पत्र हातात घेतलं, खिशातून भिंग काढलं आणि सहीवरून कितीतरी वेळ डोळे हलवले नाहीत. मग सहकाऱ्याला फक्त म्हणाले, "तोच आहे."

युरोपातल्या एका नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात हा संचालक त्याच धनाढ्य माणसाच्या जहाज कंपनीचा संचालक होता. दोन टोकं जोडणारा दुवा त्यांना कुठल्याच देशात मिळत नव्हता. कारखाना, बंदर आणि जहाज कंपनी यांना एका धाग्यात ओवणारी सही आमच्या शाखेतल्या पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये होती. बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट, १८९१ खाली मी त्याची प्रमाणित प्रत करून दिली. इतका जुना कायदा, पण न्यायालयात बँकेचा कागद आजही त्याच्याच जोरावर उभा राहतो.

तरी एक प्रश्न उरला होता. कारखाना यात सामील आहे की त्याचे कागद चोरले गेलेत? दुपारी आम्ही एमआयडीसीत गेलो. गड्ड्यामुळे शहरातले रस्ते वळवलेले, रिक्षा मिळेना, शेवटी व्यवस्थापकांची गाडी घेतली.

मालकांचा चेहरा चार लिस्ट बघून पांढरा पडला. "साहेब, माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे," एवढंच ते पुन्हापुन्हा बोलत होते. साहेबांनी त्यांना पाणी दिलं, खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "खोकी कोण भरतं तुमच्याकडे?"

अण्णांना बोलावलं. सत्तरीच्या घरातले, घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. कारखाना सुरू झाला तेव्हापासून पॅकिंग त्यांच्याकडे. साहेबांनी चारपैकी एक लिस्ट पुढे केली. अण्णांनी चष्मा लावला, आकड्यांवरून बोट फिरवलं.

"१,२०० डझन, ३०० बॉक्स, ३० बाय ६० चा टॉवेल. आपलंच हाय." मग बोट वजनाच्या रकान्यावर थांबलं. "पण हे कसं झालं मालक? नग तेवढेच, बॉक्स तेवढेच, अन् वजन २१ टन?"

त्यांनी कागद न घेता हिशेब सांगितला. ३० बाय ६० इंचाचा ४०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा, टॉवेल ४६० ग्रॅम भरतो. डझन म्हणजे साडेपाच किलो. १,२०० डझन म्हणजे साडेसहा टनांच्या थोडं वर, खोक्यांसकट सात. "आपल्या मालानं डबा भरतो साहेब, वजन भरत नाय. २१ टन व्हायला एक टॉवेल दीड किलोचा पायजे. एवढ्या मापात असा टॉवेल विणताच येत नाय."

वजन खोटं का लिहिलं नाही, हे मला साहेबांनी परतीच्या वाटेत सांगितलं. १ जुलै २०१६ पासून कुठलाही भरलेला कंटेनर जहाजावर चढवण्याआधी त्याचं पडताळलेलं वजन द्यावंच लागतं. आंतरराष्ट्रीय नियम आहे, कारण चुकीच्या वजनाने जहाज कलंडू शकतं. त्यांना वजन खरं देणं भाग होतं आणि टॉवेल खोटे. त्या न उघडलेल्या तीन कंटेनरांचंही वजन बंदराच्या नोंदीत तसंच पडून होतं. त्यातला माल आता कोणालाच दिसणार नाही. पण त्यात टॉवेल नव्हते हे शपथेवर सांगू शकणारा माणूस मिळाला होता.

अण्णा तेवढ्यावर थांबले नाहीत. चारही लिस्ट त्यांनी जवळ ओढल्या आणि खोक्यांचे अनुक्रमांक वाचायला लागले. १ ते १४८. मग १५० ते ३०१. चारही ठिकाणी तसंच.

"१४९ कुठंय?" सहकारी मुलीने विचारलं.

अण्णा उठले आणि कपाटातून एक लांबडी वही घेऊन आले. प्रत्येक रवानगीची त्यांच्या हातची नोंद, निम्मी तेलुगूत, आकडे इंग्रजीत. दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. खोका नंबर १४९ वर मशीनचं तेल सांडलं होतं. माल खराब नको म्हणून तो बाजूला काढला, शेवटी एक नवा भरून त्याला ३०१ नंबर दिला, कारण बाकीच्यांवर नंबर आधीच छापून झाले होते. खऱ्या लिस्टमध्ये म्हणून १४९ नव्हता. नकला करणाऱ्याने वजन बदललं, कंटेनर नंबर बदलला, तारखा बदलल्या, आणि आमच्या अण्णांनी गाळलेला खोका चारही कागदांवर जसाच्या तसा गाळला.

साहेब तेव्हा पहिल्यांदा हसले. चारही लिस्ट बँकेमार्फत दुबईला गेलेल्या त्या एकाच अस्सल कागदावरून उतरवल्या गेल्यात, हे आता कोणत्याही देशातल्या न्यायाधीशाला दाखवता येणार होतं. आणि सोलापूरचा कारखाना त्यात नाही हेही. मालक रडायला लागले. अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तेलुगूत काहीतरी बोलले.

जबाब मराठीत लिहिला गेला, अण्णांना तेलुगूतून वाचून दाखवला. अंधार पडला तेव्हा सगळ्यांनी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. साहेबांनी सांगितलं की मोठी माणसं कशी सापडतात. रशियन शस्त्रदलाल व्हिक्टर बूटसाठी अमेरिकेच्या लोकांनी कोलंबियाच्या फार्क बंडखोरांचे खरेदीदार बनून जाळं टाकलं. त्याच्या साथीदाराला कुरासाव, कोपनहेगन, बुखारेस्ट असं फिरवलं आणि ६ मार्च २००८ ला बँकॉकच्या हॉटेलात बूटला धरलं. त्याआधी २००७ मध्ये स्पेनच्या मार्बेयात महालात राहणारा सीरियाचा शस्त्रदलाल मोन्झर अल-कस्सार तशाच सापळ्यात माद्रिदला अडकला, त्याला पुढे ३० वर्षांची शिक्षा झाली. बूटला २०१२ मध्ये २५ वर्षांची झाली, पण डिसेंबर २०२२ मध्ये एका अमेरिकन खेळाडूच्या बदल्यात तो रशियाला परत गेला. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मला मात्र तो वाटला, आणि अजून वाटतो. इतक्या माणसांनी इतकी वर्षं घालवून जे उभं केलं ते एका सौद्यात सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

रात्रीच्या गाडीने ते दोघं परत गेले.

काही महिन्यांनी साहेबांचा फोन आला. पत्रावर सही करणारा संचालक युरोपात अटकेत आहे, जहाज कंपनीची खाती गोठवली आहेत. मुख्य माणूस मात्र जिथून हस्तांतर होत नाही अशा देशात जाऊन बसला आहे. न्यायालयाला पत्राची आणखी एक प्रमाणित प्रत हवी होती, ती मी त्याच दिवशी पाठवली. आणि अण्णांनी सोलापुरातून व्हिडिओवर साक्ष दिली तर चालेल का, हे त्यांना विचारायला साहेबांनी सांगितलं.

अण्णा तयार आहेत. त्यांच्या दोनच अटी आहेत. प्रश्न तेलुगूत सांगणारा दुभाषी हवा, आणि साक्षीच्या वेळी ती वही त्यांच्या हातात हवी.